ज्युलिएट काय बोलते?

‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची चर्चा निघाली की कुणीतरी हळूच विचारतंच, “त्या रात्री दोघांचं नेमकं झालं काय?” चोरून लग्न लागलेलं आहे, दाईनं दोराची शिडी आणून ठेवलेली आहे, आणि नंतर आपण दोघांना पाहतो ते थेट पहाटे, निरोप घेताना. मधली रात्र शेक्सपियरनं दाखवलेली नाही.

मला या प्रश्नाचंच नवल वाटतं. कारण ज्युलिएट त्या रात्रीबद्दल आधीच बोललेली असते. एकटी उभी राहून ती अंधाराला लवकर ये म्हणून विनवते. त्याच्या सहवासाची, शरीराची ओढ ती स्वतःच्या तोंडानं सांगते. त्या काळी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर बाईला मज्जाव होता, १६६० पर्यंत. ज्युलिएट एखादा पोरगाच करायचा. (बालगंधर्व पाहिलेल्या महाराष्ट्राला हे परकं वाटू नये.) शरीर दाखवायची सोय नव्हती, म्हणून सारी भिस्त शब्दांवर आली, आणि ते शब्द मुलीला मिळाले. पुढच्या सोवळ्या मंडळींनी कात्री लावली ती नेमकी याच भाषणाला!

वयाचं काय, असं मैत्रिणी विचारतील. विचारायलाच हवं. तिला चौदावं पुरं व्हायला दोन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस आहेत. आर्थर ब्रुकच्या १५६२च्या ज्या काव्यावरून नाटक घेतलं, त्यात ती सोळाच्या आसपासची आहे. शेक्सपियरनं वय मुद्दाम खाली आणलं. “तेव्हा तसंच असायचं” हे मला पटत नाही. कायद्याला बारा वर्षांची नवरी चालत असली, तरी तिथल्या सामान्य बायकांची लग्नं साधारण पंचविशीत होत. तेव्हा हे प्रेम मी आपल्या पोरींपुढे आदर्श म्हणून मुळीच ठेवणार नाही. पण ती लहान आहे म्हणून तिचं बोलणं पुसून टाकणं, हेही मला मान्य नाही.

१९६८च्या झेफिरेलींच्या सिनेमात नाटकानं झाकलेली रात्र कॅमेऱ्यानं उघडी केली. ऑलिव्हिया हसी आणि लेनर्ड व्हायटिंग दोघंही अठराच्या आतले. अंगावर कपडे राहतील असं सांगून ऐन वेळी ते उतरवायला लावले, असा दावा दोघांनी पन्नासहून अधिक वर्षांनी कोर्टात केला. २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. कोर्ट काहीही म्हणो, शेक्सपियरला जे सांगायला मुलीचे शब्द पुरले, त्यासाठी इथे मुलीचं अंग लागलं.

आणि ती पहाट? रोमिओ खिडकीतून उतरतो न उतरतो तोच आई सांगत येते, गुरुवारी पॅरिसशी तुझं लग्न. ज्युलिएट नाही म्हणते. बाप म्हणतो, मग रस्त्यावर भीक माग, उपाशी मर. आई पाठ फिरवते. शिडी आणणारी दाईसुद्धा म्हणते, पॅरिसच बरा. एका रात्रीला तिनं हौसेनं हो म्हटलं, तिची चौकशी चारशे वर्षं चालू आहे. गुरुवारची रात्र तिच्यावर लादली जाणार होती, तिच्याबद्दल कुणी हळू आवाजातही विचारत नाही.