घरच्यासारखा पगार

नायगावातल्या एका बैठकीत परवा एका दुकानमालकांनी उपदेश केला. पगारवाढ मागायची नसते, कमवायची असते. वेळेवर या, खाडा करू नका, दुकान आपलं समजा. शेठच्या लक्षात येतंच. छोट्या धंद्यात नियमबियम नसतात, आपण सगळे एका घरातले. टाळ्या पडल्या. वाजवणारे बहुतेक मालकच होते.

‘घरातले’ हा शब्द मला खुपतो. घर, म्हणून रविवारी फुकट माल उतरवायचा. घर, म्हणून केस पिकले तरी ‘पोऱ्या’च राहायचं. बहिणीच्या लग्नाला उचल मिळते, मान्य. पण ती महिन्याच्या महिन्याला कापली जाते, आणि वाढीचा विषय निघाला की तीच तोंडावर मारली जाते. गल्ला मोजताना आपण घरचे, गल्ल्यात जमलं किती हे विचारलं की परके. खऱ्या घरात निदान वाटणी तरी मागता येते!

हक्काऐवजी मेहेरबानी, ही रीत या भागाला नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या कापड गिरण्यांनी काही वर्षं बोनस दिला. १९२३ सालचा नाकारला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला कामगार संपावर गेले. चौकशी समितीने सांगितलं, बोनसवर कायदेशीर हक्क नाही. हक्काचा कायदा यायला १९६५ साल उजाडलं. तोवर गिरणीही ‘घरच’ असावी.

शेठच्या ‘लक्षात येतं’? उधारी तेवढी लक्षात राहते. ‘परवडत नाही’ हे मात्र कधीकधी खरं असतं. मग तसं वही उघडून सांगावं.

माझं म्हणणं थोडकं आहे. महागाईची भरपाई म्हणजे वाढ नव्हे. दुकानांच्या किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत निर्देशांकाप्रमाणे बदलतो. तेवढं देऊन उपकार मिरवू नयेत. वाढ कामाची असते. पोऱ्या बिलं करू लागला, एकट्याने दुकान उघडू-मिटू लागला, तर कशाला किती, हे कामावर ठेवतानाच चिठ्ठीवर लिहून द्यावं. हिशेब कच्चा असेल माझा, पण लिहिलेला आहे.

शेठ, यंदा दिवाळीच्या वहीपूजनाआधी एवढंच करा: तुमच्या पोऱ्याचा पगार शेवटचा कधी वाढवलात, ती तारीख जुन्या वह्यांत शोधा.