न दिसणारी रांग

हल्ली आमच्या घरी जेवण बाहेरून आणायचं ठरलं की कोणी गाडीची किल्ली शोधत नाही, फोन शोधतं. मी तर यात पक्की सराईत. ऑफिसात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. अकरालाच ऑर्डर देऊन, पैसे भरून, 'बारा दहा' ही वेळ निवडून मोकळी. दुकानात शिरायचं, रॅकवरची आपल्या नावाची पिशवी उचलायची, बाहेर. कोणाशी चकार शब्द बोलावा लागत नाही. (मी दिवसातली काही मिनिटं गप्प असते हे वाचून आमच्या आत्याला धक्का बसेल, पण असो. :))

तेव्हा मी या सोयीच्या विरोधात नाही. माझं भांडण वेगळंच आहे.

कल्पना तशी जुनी. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये पिझ्झा हटने 'पिझ्झानेट' सुरू केलं, तेव्हापासून इंटरनेटवरून पिझ्झा मागवता येतो. पण त्यात वाट बघणं होतंच, फक्त घरच्या सोफ्यावर बसून. स्टारबक्सने डिसेंबर २०१४ मध्ये पोर्टलंडला जे सुरू केलं आणि सप्टेंबर २०१५ पर्यंत अमेरिकाभर नेलं, त्यात वाट न बघणं हाच विकायचा माल होता.

आता मला सांगा, ही वाचलेली मिनिटं जातात कुठे? आतली माणसं तेवढीच, शेगडी तेवढीच. माझी दहा मिनिटं वाचली तर ती कोणाच्या तरी खात्यावर पडणारच.

ती पडतात आमच्या बाबांच्या खात्यावर. बाबा पुण्याहून इथे एडिसनला आले की घराजवळच्या एका सँडविचच्या दुकानात चालत जातात. मागच्या महिन्यात मीही बरोबर होते. पुढे फक्त दोन माणसं. तरी वीस मिनिटं झाली, आणि दरम्यान लोक येतायत, पिशव्या उचलतायत, चाललेत. बाबांनी मोजले, नऊ जण.

"अगं, यांचा नंबर कधी लागला?"

"बाबा, त्यांनी घरूनच ऑर्डर दिलेली असते."

"मग तशी पाटी लावावी की! पुढे अकरा जण आहेत हे कळलं असतं तर उद्या आलो असतो."

मला हे शंभर टक्के पटलं. लग्नात दुसऱ्या पंगतीसाठी खुर्चीमागे उभं राहणाऱ्याला समोरच्याच्या पानात अजून ताकभात यायचाय हे दिसत असतं. ओशाळवाणं असेल, पण लपवाछपवी नाही. इथे रांग आहे, पण ती फक्त काउंटरमागच्या पडद्यावर. आणि तिथली मुलगी बिचारी एकटी, दोन्हीकडची बोलणी खाते.

"बाबांना ॲप शिकव की," असं तुमच्यातलं कोणीतरी लिहिणार, म्हणून आधीच सांगते. बाबा पुण्यात यूपीआयने कोथिंबीर घेतात. त्यांना ॲप येतं. त्यांना 'आज काय ताजं आहे' हे माणसाला विचारायचं असतं. आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचं काय? न्यूजर्सीने २०१९ मध्ये कायदा करून दुकानांना रोख पैसे नाकारायला बंदी घातली, ते अशाच लोकांसाठी. पण रोख घेऊन आलेल्याला नऊ जणांच्या मागे ढकललं तर तो कायदा मोडत नाही!

उपाय काही रॉकेट सोडण्याइतके अवघड नाहीत. फोनवरच्या ऑर्डरींमुळे काउंटरपाशी गर्दी होते आणि आत आलेली गिऱ्हाइकं परत जातात, हे स्टारबक्सने २०१७ च्या सुरुवातीलाच मान्य केलं होतं. चिपोटलेने ऑनलाइन ऑर्डरींसाठी मागे वेगळं टेबल आणि वेगळी माणसं लावली. छोट्या दुकानाला ते परवडणार नाही, कबूल. पण दर पंधरा मिनिटांत ऑनलाइन ऑर्डरी अमुक इतक्याच घ्यायच्या, एवढं तरी ठरवता येतं. मग माझ्यासारखीला 'बारा दहा' ऐवजी 'बारा चाळीस' मिळेल. मिळू दे. डेस्कवर बसून अर्धा तास थांबणं आणि शहात्तराव्या वर्षी उभ्याने थांबणं यात फरक आहे.

आणि बाबांची पाटी. एक टीव्ही टांगा, त्यावर एकूण ऑर्डरी किती बाकी आहेत तो आकडा दाखवा. दुकानात मेनू दाखवणारे तीन टीव्ही आहेतच.

हे सगळं दुकानाच्या मालकांना गेल्या आठवड्यात लिहून कळवलंय. बाबा ऑक्टोबरपर्यंत इथे आहेत. उत्तर आलं तर इथे टाकीनच.