गरोदरपणाच्या गोळीत बी-१२ हवे

मधुमेह म्हणजे गोड खाण्याची शिक्षा, ही समजूत आपल्या घराघरांत अजून पक्की आहे. प्रत्यक्षात हा आजार पेशींच्या अकाली म्हातारपणाशीही जोडलेला आहे. रक्तातली साखर सतत चढलेली राहिली की स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर ताण येतो आणि त्यांच्या डीएनएला इजा होते. दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली की पेशी थकते. अशी पेशी मरत नाही, पण दाह वाढवणारी द्रव्ये सोडून शेजारणींनाही बिघडवते. मग इन्शुलिन कमी पडते आणि साखर आणखी चढते. वर्नर सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात डीएनए सांभाळणारे एकच जनुक बिघडलेले असते. या रुग्णांचे केस विशीतच पिकू लागतात, पुढे ऐन तारुण्यात मोतीबिंदू होतो आणि अनेकांना मधुमेहही जडतो.

डीएनए धड राहायचा तर तो मुळात नीट घडला पाहिजे. त्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. बी-१२ कमी असेल तर शरीरातले फोलेट अडकून पडते, डीएनएच्या साखळीत थायमिनच्या जागी यूरासिल शिरते आणि ते काढता काढता धागाच तुटू लागतो. बी-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मटणातून. भाजी-भाकरीवर राहणाऱ्या आणि घरात दुधाचा पेला शेवटी ज्यांच्या वाट्याला येतो, त्या बायकांना ते कुठून मिळणार?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

तरीही आशाताई गर्भवतीच्या हातावर ठेवतात त्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. फोलिक अ‍ॅसिड बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळते, ते थांबवू नयेच. पण जोडीदाराविना ते अर्धेच काम करते. देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे आयसीएमआरच्या पाहणीने २०२३मध्ये दाखवले. एवढ्या रुग्णांवर आयुष्यभर औषधोपचार करत बसण्यापेक्षा गर्भवती आणि किशोरवयीन मुलींची बी-१२ तपासणी करावी आणि गोळीतच ते घालावे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. पुण्याच्या त्या अभ्यासातल्या मातांच्या मुली आज तिशीत आहेत, अनेकजणी आया झाल्या असतील. त्यांच्या आयांनी रक्त देऊन जे सिद्ध केले, त्याचा लाभ किमान नातवंडांना तरी मिळाला पाहिजे. आरोग्य खात्याने आता चालढकल करू नये.