परीक्षा हाताची



डॉक्टर झाले तरी परीक्षा सुटत नाही. अपघात, हृदयविकार, सर्पदंश अशा तातडीच्या रुग्णांसाठी वेगळा तज्ज्ञ हवा म्हणून भारतात २००९ साली या शाखेला मान्यता मिळाली. तिच्या अंतिम परीक्षेआधी तरुण डॉक्टरांची उजळणी नामवंत शिक्षक घेतात. चांगलेच आहे. पण जिवतीच्या डोंगरावरच्या एखाद्या गुड्यावर रात्री दोन वाजता बाळ जन्मले आणि रडलेच नाही, तर हा तज्ज्ञ तिथे कसा पोचणार? त्या बाळाजवळ वेळ असतो मोजक्या मिनिटांचा. त्यावेळी जी बाई जवळ असेल, तिलाच शिकवलेले असले पाहिजे.

हे कसे शिकवायचे, ते आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात करून दाखवले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परत आले आणि ‘सर्च’ संस्था काढून इथे कामाला लागले. लहान मुले न्यूमोनियाने मरत होती. श्वास मिनिटाला किती, यावरून हा रोग ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ, दोन महिने ते वर्षाच्या बाळात पन्नास ही हद्द. पण दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल तर? एखाद्या शिक्षकाने दाईलाच ‘ढ’ ठरवले असते. इथे शिक्षकांनी साधन बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. याला म्हणतात शिकवणे!

पुढची पायरी नवजात बाळाची. १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, वजन कसे करायचे, ताप कसा पाहायचा, हे हाताने करून घेतले. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, अंग थंड पडणे किंवा तापणे, बाळ मलूल होणे, छाती आत ओढली जाणे, अशी लक्षणे पाठ करून घेतली. यांपैकी दोन एकदम दिसली की जंतुदोष समजायचा आणि पालकांच्या संमतीने इंजेक्शन द्यायचे. मग दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन वह्या तपासत, चुका दुरुस्त करत. पण बाळावर स्वतः उपचार करत नसत. मला तर ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शिक्षकाने हात मागे घेतला, म्हणून बाईचा हात तयार झाला. आपल्याकडे ‘अपेक्षित’ वाचून पास होता येते, हात मात्र त्याने चालत नाही.

निकाल पहा. या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. १९९७-९८ मध्ये ती संख्या २५.५ वर आली. तुलनेच्या ४७ गावांत ती ५९.६ होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने हे छापले.

२०११ पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेण्यात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात. पण शिक्षक राज्याचे, त्यांच्याकडून जिल्ह्याचे, त्यांच्याकडून आशा, असे शिक्षण उतरताना त्यातला सराव गळतो आणि फॉर्म भरणे तेवढे उरते, अशी भीती आहे. तिची उजळणी कोण घेतो, हे आपण विचारायला नको का?

आणि दोष फक्त वरचा नाही. ‘ही आपल्याच मोहल्ल्यातली पोरगी, हिला काय समजते’ म्हणून आपलीच माणसे आशाताईला दारातून परत पाठवतात आणि सलाईन लावणाऱ्या भोंदूला पैसे मोजतात. घरात नवे बाळ असेल तर तिला बसवा, बाळाचे वजन तुमच्यासमोर करायला लावा, थर्मामीटर चालतो का पहा. नसेल चालत तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वांनी मिळून लेखी अर्ज द्या. आणि वरची लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. पावसाळ्यात वर्धेच्या पुलावर पाणी चढण्याआधीच निघालेले बरे.