वस्तीचा शिक्का आणि आपले मौन

मे महिना आला की आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचे दाखले मागणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होते. अलीकडे दाखल्याबरोबर एक विनंतीही असते : "फादर, सध्याची शाळा वाईट वस्तीत आहे. मुलीला दुसरीकडे घालायचं आहे. शिफारशीची चिठ्ठी द्या." वस्ती वाईट म्हणजे काय, असे विचारले की राजेंद्रनगर, यादवनगर ही नावे पुढे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्या पोरांच्या बातम्या. पालकांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शाळेच्या वाटेवर टोळक्याने उभे राहावे आणि मुलींनी खाली मान घालून जावे, हे आम्हीही पाहिले आहे. परंतु त्या भीतीवर काढलेला तोडगा मात्र खोटा आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांला भाग आहे.

मुळात वस्तीवर शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पुढच्याच वर्षी, ज्या जमातींना गुन्हेगार समजून गावचावडीवर रोज हजेरी द्यावी लागे, त्यांची ती हजेरी बंद केली. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. महाराजांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी पारध्यांना सोनतळीला आश्रय आणि काम दिले होते. आपण मात्र त्यांच्या नगरीत राहून मनातल्या मनात तीच हजेरी पुन्हा सुरू केली आहे. त्या वस्तीतली मुलेही त्याच शाळेत येतात, तीच वाट तुडवतात, आणि टोळक्याचा पहिला मार बहुधा त्यांनाच बसतो. तुमची मुलगी चिठ्ठी घेऊन निघून जाईल. त्यांना चिठ्ठी कोण देणार?

आता घडलेल्या गोष्टींकडे पाहू. ३० मार्च १९९० रोजी उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना एका विद्यार्थिनीला परीक्षेच्या वर्गात शिरून जिवंत जाळण्यात आले. उल्हासनगर त्या काळी गुंडगिरीसाठी कुप्रसिद्ध होते, म्हणून उर्वरित महाराष्ट्राने सुस्कारा सोडला. पण ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कामावर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल ओतले गेले आणि आठवड्याभरात तिने प्राण सोडला. हिंगणघाटला कोणी गुंडांचे शहर म्हणत नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका नावाजलेल्या शाळेत, शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. मध्यमवर्गीय पालकांनी विश्वासाने निवडलेली ती शाळा होती. त्याच सुमारास आपल्या कोल्हापूरजवळच्या शिये गावी उसाच्या फडात एका दहा वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला आणि संशयित म्हणून पकडला गेला तो तिचा नातेवाईक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगत आहेत की, बालकांवरील लैंगिक अत्याचारांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा गुन्हेगार ओळखीचाच असतो. आपण भिंत बांधतो ती रस्त्याच्या बाजूने.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने निर्णय काढला : सर्व शाळांत कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी लावा. यात गैर काहीच नाही. पण त्या शाळेतही कॅमेरे होते आणि पंधरा दिवसांचे चित्रण गहाळ असल्याचे पुढे खुद्द शिक्षणमंत्र्यांनी सांगितले! कॅमेरा पाहतो, पाहिलेले बोलायला माणूस लागतो. महिन्याभरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. आमच्याही धर्मग्रामातल्या काही भाविकांनी समाधान व्यक्त केले. आम्हांला मात्र प्रश्न पडला, त्या मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवणाऱ्या, शाळेत गप्प राहणाऱ्या माणसांचा हिशेब त्या गोळीने कसा पुरा झाला?

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या व्यवस्थापनावर होतो. मुलांना आणणाऱ्या रिक्षावाल्याबद्दल एका मुलीने बाईंजवळ तक्रार केली. बाईंनी ती आमच्यापर्यंत आणली. आम्ही सभा घेतली, मुलीच्या आईची समजूत काढली, 'मुलीचेच नाव खराब होईल' हे नेहमीचे वाक्य उच्चारले आणि रिक्षावाला बदलला. शाळेचे नाव वाचले. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या शाळेसमोर रिक्षात मुले भरताना आम्हांला दिसला. आम्ही सायकलवरून उतरलो नाही. लहानग्यांना अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयी प्रभू जे बोलला, त्यावर आम्ही त्यानंतर अनेक प्रवचने दिली आहेत. ती देताना आमचा आवाज कसा लागला असेल, ते श्रोत्यांनाच ठाऊक.

आज ते मौन नुसते पाप नाही, गुन्हा आहे. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार असा अपराध कळूनही पोलिसांना न कळवणारा शिक्षेस पात्र ठरतो. आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेची अब्रू ही सबब तेथे चालत नाही. आणि अब्रूविषयी ख्रिस्तसभेने तरी कोणत्या तोंडाने बोलावे? मुंबईत एका धर्मगुरूने २०१५ साली एका मुलावर केलेल्या अत्याचाराबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा प्रकरणांची वर्दी धर्माधिकाऱ्यांकडे देणे सर्व धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले. तो आदेश आपल्यापैकी किती शाळांच्या शिक्षकदालनात लावलेला आहे?

शिक्षकांची गोष्ट तर कोणी काढतच नाही. परीक्षेत नक्कल पकडणाऱ्या शिक्षकाला संध्याकाळी घरी एकट्याने जावे लागते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ पासून आहे, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरीही कोपऱ्यावरच्या टपरीविरुद्ध बोलणाऱ्या बाईंना "तुम्ही कशाला भानगडीत पडता?" असे विचारणारे बहुधा पालकच असतात. त्यांच्या बाजूने दहा पालक पोलीस ठाण्यात गेले, तर टपरी हलते. हे आम्ही एकदा पाहिले आहे. दहाही पालक त्याच 'वाईट' वस्तीतले होते. चिठ्ठी मागणाऱ्यांपैकी त्यात एकही नव्हता.

शिफारशीच्या चिठ्ठ्या देणे आम्ही यंदापासून थांबवले आहे, याबद्दल रुष्ट झालेल्या कुटुंबांची आम्ही क्षमा मागतो; निर्णय मात्र बदलणार नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग, गायनमंडळ आणि उन्हाळी शिबिर यांत मुलांच्या सहवासात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी व्हावी, असा ठराव आम्ही धर्मग्राम समितीपुढे ठेवला आहे. दोन ज्येष्ठ सभासदांची हरकत आहे : फादरांचीही पडताळणी म्हणजे ख्रिस्तसभेचा अवमान. आम्ही आमचा अर्ज भरून दिलेला आहे.