गाडी घ्या, पण इंजिन पाहून

गेल्या महिन्यात एक ताई आमच्या घरी आल्या. त्यांचे पती अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम नुकतीच हाती आली. मुलगा आयटीआय झालेला, पण तीन वर्षे कंत्राटदाराकडेच राबतो आहे. आता तो पिकअप घेतो म्हणतो. ताई म्हणाल्या, "दादा, त्याच्या बापानं तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या तेव्हा हा पैसा दिसला. डिझेलची घ्यावी का गॅसची, तेवढं सांगा."

आम्ही उलट विचारले, "माल कोणता आणि रस्ता कोणता?" ताईंना सांगता येईना. मुलालाही येईना. मित्राने डिझेलची घेतली म्हणून यालाही तीच हवी होती. वाचकहो, आपली पुष्कळ घरे नेमकी इथेच फसतात. म्हणून आज थोडे इंजिनाविषयी.

नाशिककराला इंजिन परके नाही. नाशिकला महिंद्राच्या गाड्या बनतात, इगतपुरीला इंजिने. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल सातपूरच्या मायकोत, म्हणजे २००८ पासूनच्या बॉशमध्ये, बनत आले. आपल्यातल्या कितीतरी जणांचे हात या कामात काळे झाले. मग स्वतःच्या घरची गाडीच आपण डोळे मिटून का घ्यावी?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. या मोठ्या दाबामुळे इंधन कमी लागते आणि इंजिन हळू फिरत असतानाही जोरात ओढते. पिंपळगावचा टोमॅटो भरून सावळघाटाने पेठमार्गे गुजरातला जायचे, किंवा वाशीहून परतीचा माल घेऊन कसारा घाट चढायचा, तर ही ओढच कामाला येते.

आकारही पाहावा लागतो. २००५ साली टाटा एस आली तेव्हा तिला दोन सिलिंडरचे, ७०२ सीसीचे डिझेल इंजिन होते. बोलेरो पिकअपचे डिझेल इंजिन चार सिलिंडरचे, २५२३ सीसीचे. एक गल्लीबोळासाठी, दुसरे हमरस्त्यासाठी. लहान इंजिनाला दीड टन ओढायला लावले तर ते रोज दमछाक होईपर्यंत पळते, तापते आणि लवकर उघडावे लागते. कागदावर पासिंग जेवढे, माल तेवढाच भरा. जादा भरलेल्या मालाचे भाडे शेवटी फिटरच्या खिशात जाते.

डिझेलची एक खोड मात्र लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या नियमांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळाली की नळी तापते आणि काजळी जळून जाते. पण दिवसभर दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या तर जाळी तुंबते. आमच्या वस्तीतला एक मुलगा शहरातल्या शहरात पाण्याचे जार पोचवायचा. समोरचा दिवा लागला, त्याने दुर्लक्ष केले. गाडी तीनदा गॅरेजला गेली, हप्ते थकले आणि दीड वर्षात ती तोट्यात विकावी लागली. गाडी वाईट नव्हती. त्या कामाची नव्हती.

आता सीएनजी. हे इंजिन ठिणगीवर चालते आणि धूर कमी करते. गॅस सिलिंडरमधली हवेची जागा व्यापतो, त्यामुळे चढावर ओढ थोडी कमी पडते. खर्चाचा हिशेब असा करा. समजा डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, तर किलोमीटरला ६ रुपये. समजा गॅस ९० रुपये किलो आणि किलोला १८ किलोमीटर, तर ५ रुपये. रोज १०० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, तर २,५०० रुपये वाचले. पण रोज ३० किलोमीटरच चालणार असेल तर ७५० रुपयेच. पंपावरचा त्या दिवसाचा भाव घालून हा हिशेब घरी वहीवर मांडा. गॅसच्या रांगेत जाणारा वेळही त्यात धरा. रांगेत एक भाडे बुडाले तर बचत तिथेच संपली. गॅसच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, ती चुकवू नका.

बॅटरीवरची टाटा एस २०२२ साली आली. ठरलेल्या शहरी फेऱ्यांना अशी गाडी चांगली, पण रात्री चार्जिंगला जागा आणि मीटर आहे का, ते चाळीत राहणाऱ्याने आधी पाहावे.

जुनी गाडी घेत असाल तर इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर सावध राहा. सतत निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पुढे बोलूच नका.

आणखी एक. फंडाची सगळी रक्कम गाडीत घालू नका. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना बौद्ध तरुणांसाठीही आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन आजच्या अटी विचारा. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

ताईंच्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, "पंधरा दिवस दुसऱ्याच्या गाडीवर बैस आणि रोजची नोंद ठेव." पोराने ऐकले. वहीत आले असे: पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजी, सातपूर-अंबडच्या कॅन्टीनपर्यंत. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, माल सातशे किलोच्या आत, घाट एकही नाही. डिझेलचा हट्ट त्याचा त्यानेच सोडला. आता तो लहान सीएनजी गाडी पाहतो आहे.

ताई परवा भेटल्या. म्हणाल्या, "गाडी अजून दारात आली नाही दादा, पण आता झोप लागते."