आठवणींची ठेव

बेंगळुरूच्या केंपेगौडा रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा वाहक ‘म्हैसूर बँक’ अशी हाक देतो आणि उतारू निमूटपणे उतरतात. ज्या बँकेचे नाव तो उच्चारतो, ती बँक आज अस्तित्वात नाही. सर एम. विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे दिवाण असताना, १९१३ साली ‘बँक ऑफ मैसूर’ स्थापन झाली. १९६० मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची सहयोगी बँक झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेतच विलीन झाली. दरवाजावरची पाटी बदलली, पासबुकांवरचे नाव बदलले. चौकाचे नाव मात्र लोकांनी बदलू दिले नाही.

याच रस्त्याने थोडे पश्चिमेला गेले की ‘मॅजेस्टिक’ येते. ज्या चित्रपटगृहावरून या भागाला हे नाव पडले, ते केव्हाच पाडले गेले. तेथील मोठे बसस्थानक ज्या जागेवर उभे आहे, तो एके काळी धर्मांबुधी नावाचा तलाव होता. तलाव आटला, चित्रपटगृह गेले, तरी बाहेरगावाहून आलेला प्रवासी आजही ‘मॅजेस्टिक’लाच उतरतो. शहराची मध्यवस्ती अशी नावांमधून स्वतःला जपत असते. प्रश्न एवढाच, की नावे जपली म्हणजे शहर जपले असे समजून समाधान मानावे काय?

हा प्रश्न केवळ बेंगळुरूचा नाही. मुंबईचा फोर्ट असो की पुण्याची लक्ष्मी रोडची बाजारपेठ, ‘आता पूर्वीचे काही राहिले नाही’ हे वाक्य प्रत्येक शहराच्या मध्यभागी ऐकू येते. या भावनेला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा सुरेख शब्द आहे. त्यातील ‘स्मरण’ मोलाचे आहे. ‘रंजना’पासून मात्र थोडे सावध राहावयास हवे. केवळ मन रमवणारी आठवण गेलेल्याला अधिक सुंदर करते आणि उरलेल्याकडे पाहू देत नाही.

पेठांचे गाव

मराठी माणसाला बेंगळुरूची जुनी मध्यवस्ती परकी वाटण्याचे कारण नाही. केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शिवरायांच्या बालपणाचा काही काळ येथे गेला. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केले, त्यात या दरबाराचे बहुभाषिक रूप दिसते. पुढे १६८७ मध्ये हे ठाणे मोगलांच्या हाती गेले आणि त्यांच्याकडून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे आले.

राज्ये आली आणि गेली, पण गावाचा पिंड पेठेचाच राहिला. पुण्याच्या कितीतरी पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात; बेंगळुरूच्या पेठा कसबांच्या आणि मालाच्या. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेट. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेट. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेट. कुंभारांची कुंबारपेट, तेल्यांची गाणिगरपेट. दोड्डपेट म्हणजे मोठी पेठ. तिचा रस्ता पुढे ‘अव्हेन्यू रोड’ झाला आणि शाळा-महाविद्यालयांच्या नव्या-जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्धी पावला. चिक्कपेट, म्हणजे धाकटी पेठ, आजही रेशमी साड्यांसाठी ओळखली जाते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबाला दुकानदार गादीवर बसवतो, एकावर एक साड्या उलगडत जातो आणि भाव ठरेपर्यंत कॉफी येते. हा व्यवहार पाहताना मराठी माणसाला आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या पेठांमधून दरवर्षी चैत्रात करगाची मिरवणूक निघते. धर्मराय देवळातून रात्री निघालेला करग वाटेत कॉटनपेटेतील हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबतो. गल्ल्या अरुंद, तारांचे जाळे डोक्यावर, हातगाड्यांची दाटी. पण अनेक जातिधर्मांची, अनेक भाषांची माणसे त्याच वाटेवर उभी असतात. कानडी, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू, मारवाडी आणि कानडी वळणाची मराठी या साऱ्या बोली त्या गर्दीत मिसळतात.

छावणीचा राजरस्ता

पेठेच्या पूर्वेस १८०९ नंतर इंग्रजांची छावणी वसली. तिचे नगरप्रशासन वेगळे, बाजार वेगळे, राहणीही वेगळी. पेठ आणि छावणी ही दोन गावे १९४९ मध्ये एका महानगरपालिकेत आली. स्वातंत्र्यानंतर छावणीचा ‘साउथ परेड’ हा महात्मा गांधी रस्ता झाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘शहरात जायचे’ म्हणजे अनेकांच्या लेखी या रस्त्यावर जायचे असे समीकरण रुजले.

बदली होऊन बेंगळुरूत आलेल्या एखाद्या बँक कर्मचाऱ्याची त्या काळातली शनिवारची संध्याकाळ सहज कल्पिता येते. अर्ध्या दिवसाचे काम आटोपले की महात्मा गांधी रस्त्याच्या उत्तर बाजूच्या झाडांखालून आणि बोगनवेलीने झाकलेल्या वाटेने रमतगमत चालावे. प्लाझा चित्रपटगृहात इंग्रजी चित्रपट लागला असेल तर तिकीट काढावे. नाहीतर इंडिया कॉफी हाउसमध्ये फेटा बांधलेल्या वाढप्याने आणून ठेवलेला एकच कप घेऊन तासभर बसावे. नंतर जवळच्या प्रीमियर बुकशॉपमध्ये डोकवावे. तेथे जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या पुस्तकांच्या चळतींतून वाट काढावी लागे. परंतु हवे ते पुस्तक कोणत्या चळतीत आहे, हे दुकानाचे मालक टी. एस. शानभाग यांना नेमके ठाऊक असे.

या साऱ्यात खर्च फारसा नव्हता. त्या मध्यवस्तीची खरी श्रीमंती हीच होती. खिशात थोडे पैसे असलेल्या माणसालाही तेथे बसण्याचा, पाहण्याचा आणि ओळख वाढवण्याचा अधिकार होता.

काय गेले, का गेले

शहर वाढले, आणि त्याची मध्यवस्ती सरकली. १९५१ मध्ये सुमारे आठ लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेपर्यंत सुमारे पंचाऐंशी लाखांवर गेली. इलेक्ट्रॉनिक सिटी आणि व्हाइटफील्ड येथे लाखो लोक कामाला जाऊ लागले. कोरमंगल भागात २००४ मध्ये मोठा मॉल उघडला आणि त्यामागोमाग इतर भागांतही मॉल आले. घराजवळच बाजार, जेवण आणि चित्रपट मिळू लागल्यावर दोन तास वाहतुकीत घालवून महात्मा गांधी रस्त्यावर कोण येणार? जमिनीच्या चढत्या किमतीपुढे जुन्या भाड्याच्या दुकानांचा टिकाव लागणे कठीण झाले.

२००९ हे वर्ष जुन्या बेंगळुरूकरांच्या मनात घर करून आहे. त्या वर्षी महात्मा गांधी रस्त्यावरचे कॉफी हाउस बंद झाले, १९७१ पासून चाललेले प्रीमियर बुकशॉप मिटले आणि मेट्रोच्या कामासाठी रस्त्याकडेची झाडे व बोगनवेलीची वाट गेली. १९३६ चे प्लाझा ज्या जागी होते तेथे आज मेट्रोचे स्थानक आहे. ब्रिगेड रोडवरचे रेक्स चित्रपटगृह २०१८ च्या अखेरीस बंद झाले. शानभागांचेही २०२१ मध्ये निधन झाले, आणि त्या दुकानाची आठवण सांगणाऱ्यांमध्ये नामांकित लेखकांपासून सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत सारेच होते.

आठवण कोणाची?

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या महात्मा गांधी रस्त्याची शांतता आज आठवते, ती शांतता शहरातील थोड्याच लोकांच्या वाट्याला आली होती. छावणीच्या काळात तर तेथील कित्येक दालने हिंदी माणसाला बंदच होती. पुढेही इंग्रजी बोलता न येणाऱ्याला तेथील काही दारे जड वाटत. पेठेच्या आठवणीही निर्मळ नाहीत. १८९८ च्या प्लेगने त्या दाट वस्तीत हाहाकार उडवला, आणि त्यातूनच मल्लेश्वरम् व बसवनगुडी या मोकळ्या वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांनी तो काळ भोगला, त्यांना ‘जुने ते सोने’ म्हणणे जमले नसते.

मेट्रोलाही केवळ दोष देता येत नाही. बोगनवेल तिने घेतली हे खरे. परंतु ऑक्टोबर २०११ मध्ये महात्मा गांधी रस्ता ते बैयप्पनहळ्ळी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि २०१७ मध्ये चिक्कपेट व कृष्णराजेंद्र मार्केट ही भुयारी स्थानके उघडली. उपनगरातील विद्यार्थिनी किंवा मार्केटातून फुले घेणारा किरकोळ विक्रेता आज ज्या सुलभतेने मध्यवस्तीत येतो, तशी सोय जुन्या रम्य दिवसांत नव्हती. एका माणसाची गमावलेली सावली आणि दुसऱ्याला मिळालेली वाट, दोन्ही एकाच खात्यात मांडल्या पाहिजेत.

तरीही एक नोंद नावेच्या बाजूलाच राहते. मध्यवस्तीत माणसे अधिक येऊ लागली, पण विनाखर्च बसण्याच्या जागा मात्र कमी झाल्या. मॉलमधल्या बाकावर बसलेला माणूस ग्राहक असतो. जुन्या वाटेवर झाडाखाली बसलेला माणूस नागरिक असे. तक्रार करायची असेल तर ती या बदलाची करावी. पाडलेल्या इमारतीसाठी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु अनोळखी माणसांना एकत्र बसू देणारी जागा हरवली तर त्याची भरपाई दुसऱ्या कोणत्याही सोयीने होत नाही.

ठेव आणि व्यवहार

बँकेत व्यवहार न झालेले खाते काही काळाने निष्क्रिय ठरते. खात्यात रक्कम असते, पण ती कोणाच्या उपयोगी पडत नाही. आठवणींचेही तसेच होते. कॉफी हाउससाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांपैकी कितीजण २००९ नंतर त्याच्या चर्च स्ट्रीटवरच्या नव्या जागेत गेले? हे कॉफी हाउस म्हणजे कामगारांनी १९५७ साली बेंगळुरूत स्थापन केलेल्या सहकारी संस्थेचे अपत्य. महात्मा गांधी रस्त्यावर १९०५ पासून असलेल्या हिगिनबॉथम्स या पुस्तकांच्या दुकानाची आठवण तर पुष्कळ जण काढतात, परंतु जुने दुकान आठवणींवर चालत नाही, गिऱ्हाइकांवर चालते.

उपाय अशक्यप्राय नाहीत. नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी चर्च स्ट्रीट वाहनांना बंद करण्यात आला, तेव्हा तेथे लोक मोकळेपणाने चालू लागले. मेट्रोखाली उरलेल्या जागेत २०१३ मध्ये रंगोली हे कलाकेंद्र उभे राहिले. अशा प्रयोगांना नागरिकांनी नियमित साथ दिली, तर नव्या शहराच्याही पोटात जुन्या संध्याकाळी पुन्हा वसू शकतात. अव्हेन्यू रोडच्या पदपथावरून वृद्धाला निर्धास्त चालता येणे आणि चिक्कपेटेच्या गल्लीतील तारांचे जाळे सुरक्षित होणे, ही कामे स्मारक उभारण्यापेक्षा अधिक निकडीची आहेत.

या कामात बँकांचाही वाटा आहे. अनेक शहरांच्या मध्यवस्तीतील देखण्या जुन्या वास्तू बँकांच्याच आहेत. त्या वास्तू, जुन्या खातेवह्या, शाखा उघडल्याच्या दिवसाची छायाचित्रे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी नीट जतन झाल्या, तर शहराच्या इतिहासाचा मोठा भाग वाचेल.

बेंगळुरूतील एका मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड हे सिटी बसचे वाहक होते. पुढे त्यांना जग रजनीकांत म्हणून ओळखू लागले. आज त्यांच्या जागी उभा असलेला वाहक ‘म्हैसूर बँक’ अशी हाक देतो तेव्हा त्याच्या मनात स्मरणरंजन नसते. उतारूला योग्य ठिकाणी उतरवायचे, एवढाच त्याचा हेतू असतो. जुन्या नावाचा याहून चांगला उपयोग नाही. मध्यवस्तीच्या आठवणींनीही एवढेच करावे. माणसाला पुन्हा त्या चौकात उतरवावे आणि चार पावले चालायला लावावे.